आयडेंटिटी फंक्टरची टेलर श्रेढी एका पदावर का थांबत नाही?

खडू-फळा

मी चर्चगेटजवळच्या एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना कलन शिकवते. गेल्या महिन्यात टेलर श्रेढीचा तास संपल्यावर एक विद्यार्थी फळ्यापाशी थांबला. त्याला पुढे संस्थितिविज्ञान (टोपॉलॉजी) घ्यायचे आहे आणि एका व्याख्यानात त्याने थॉमस गुडविली यांच्या फंक्टर-कलनाविषयी ऐकले होते. त्याने विचारले, "बाई, क्ष ला क्ष च परत देणाऱ्या फलनाची टेलर श्रेढी एका पदात संपते. मग जो फंक्टर प्रत्येक अवकाश जसाच्या तसा परत देतो, त्याच्या श्रेढीत अनंत पदे कशी काय येतात?"

मी त्या वेळी जे उत्तर दिले ते अर्धवट होते, आणि ते मला पुरेपूर ठाऊक होते. म्हणून तेव्हापासून गुडविली यांचे १९९०, १९९२ आणि २००३ साली प्रसिद्ध झालेले तिन्ही निबंध घेऊन बसले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे मूळ कल्पना अशी आहे. फलनाला आपण बिंदूजवळ बहुपदींनी गाठत जातो. बाराखडीइतकी ओळखीची झालेली ही रीत ब्रूक टेलर यांनी १७१५ मध्ये छापली. साइन आणि कोसाइनच्या श्रेढी केरळात माधवाने त्याच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, काढल्या होत्या. गुडविली यांनी फलनाच्या जागी फंक्टर घेतला, म्हणजे अवकाशाला अवकाश देणारी आणि अवकाशांमधल्या संतत चित्रणांनाही सोबत नेणारी रीत. अशा फंक्टर एफ साठी त्यांनी पी-०, पी-१, पी-२ असे एकावर एक रचलेले मजले बांधले. पी-एन हे एफ चे "घात एन पर्यंतचे" सर्वोत्तम सन्निकटन असते, आणि पी-एन वरून पी-(एन−१) वर उतरताना जे फायबर (एका ठरलेल्या बिंदूवर येऊन पडणारा भाग) उरते, तो एन-वा थर, म्हणजे श्रेढीतले एन-वे पद.

एवढे कळले. अडले आहे ते विद्यार्थ्याच्याच प्रश्नाशी. जाणकारांनी हे पायरीपायरीने उलगडून सांगावे, अशी विनंती आहे.

पवईकर

बाई, तुमच्या विद्यार्थ्याने अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझ्या संशोधनाच्या पहिल्या वर्षात याच प्रश्नावर मी दोन आठवडे घालवले होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

संख्यांच्या जगात फलन रेषीय आहे की नाही हे तपासताना आपण आत बेरीज करतो आणि बाहेरही बेरीज करतो, आणि या दोन्ही बेरजा एकच असतात. अवकाशांच्या जगात मात्र त्या वेगवेगळ्या आहेत. आत जाणारी बेरीज म्हणजे चिकटवणे: दोन अवकाश त्यांच्या सामाईक भागावर जोडून तिसरा तयार करणे, ज्याला पुशआउट म्हणतात. बाहेर येणारी बेरीज म्हणजे पुलबॅक: दोन अवकाशांतून एकेक बिंदू घ्यायचा आणि तिसऱ्या अवकाशात त्यांच्या प्रतिमा जोडणारी एक वाटही सोबत घ्यायची. गुडविली यांच्या व्याख्येप्रमाणे जो फंक्टर पुशआउट चौकोनाला पुलबॅक चौकोनात नेतो, तो पहिल्या घाताचा. अशा फंक्टरला एक्सिसिव्ह म्हणतात. हे नाव होमॉलॉजीच्या (अवकाशातली भोके मितीमितीने मोजणाऱ्या गटांच्या) एक्सिजन गुणधर्मावरून आले आहे, कारण होमॉलॉजी नेमके हेच करते. एन घातासाठी चौकोनाऐवजी एन+१ मितींचा घन घ्यायचा, एवढाच फरक.

आता आयडेंटिटी फंक्टर घ्या. दोन चकत्या काठाला काठ लावून चिकटवल्या की एस-२, म्हणजे नेहमीचा गोलाचा पृष्ठभाग तयार होतो; दोघींचा सामाईक काठ म्हणजे वर्तुळ. हा पुशआउट झाला. आयडेंटिटी फंक्टर रेषीय असता, तर हाच चौकोन पुलबॅकही असायला हवा होता. चकत्या आकुंचन पावून बिंदू होऊ शकतात, म्हणून पुलबॅक म्हणजे एस-२ वर एका बिंदूतून निघून त्याच बिंदूला परत येणाऱ्या सर्व वाटांचा अवकाश, ज्याला लूप-अवकाश म्हणतात. म्हणजे वर्तुळ आणि एस-२ चा लूप-अवकाश होमोटोपीच्या दृष्टीने, म्हणजे न फाडता ताणणे-आकुंचणे चालवून घेतले तर, एकच असायला हवेत. प्रत्यक्षात जेम्स यांनी १९५५ मध्ये दाखवले की त्या लूप-अवकाशाची रचना प्रत्येक मितीत एक पेशी (त्या मितीची चकती) घेऊन होते, तर वर्तुळाच्या पेशी पहिल्या मितीवरच संपतात. तेव्हा आयडेंटिटी फंक्टर रेषीय नाही. तो पुशआउटला पुशआउटच ठेवतो, पुलबॅक करत नाही.

स्पेक्ट्रमांच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा निलंबित करून स्थिर केलेल्या अवकाशांच्या, जगात पुशआउट आणि पुलबॅक चौकोन एकच असतात, म्हणून तिथे आयडेंटिटी फंक्टर खरोखर रेषीय आहे आणि त्याची श्रेढी एका पदात संपते. तुमचा विद्यार्थी जे गृहीत धरून चालला होता ते तिथे तंतोतंत खरे आहे, हे त्याला आवर्जून सांगा.

पी-१ कसे बनते, तेही याच उदाहरणातून दिसते. अवकाश क्ष ला निलंबित करून (वर आणि खाली एकेक टोक देऊन एक मिती वाढवून) त्याचे लूप घ्यायचे, मग दोनदा निलंबित करून दोनदा लूप घ्यायचे, असे करत जाऊन शेवटी जी सीमा मिळते, ती क्यू-क्ष. तिचे होमोटोपी गट (गोलांवरून तिच्यात जाणाऱ्या चित्रणांचे गट) म्हणजे क्ष चे स्थिर होमोटोपी गट, निलंबित करत गेल्यावर जे बदलायचे थांबतात ते. क्ष आणि क्यू-क्ष कुठवर जुळतात, हे सांगणारा फ्रॉयडेन्थाल यांचा १९३७ चा निलंबन-सिद्धांत या भाषेत पहिल्या घाताच्या सन्निकटनाच्या त्रुटीचा अंदाज ठरतो.

भायखळा

मी अभियंता होतो, आता निवृत्त आहे. आयुष्यभर टेलर श्रेढी आकडेमोडीसाठी वापरली, त्यामुळे हा धागा मन लावून वाचतो आहे. माझी शंका अशी की श्रेढीत प्रत्येक पदाखाली एन फॅक्टोरियल असते. अवकाशाला १२० ने भागणार कसे? आणि सहगुणक कुठे आहे? ही दोन्ही उत्तरे मिळाली नाहीत, तर "टेलर" हे नाव केवळ साम्यावरून दिलेले आहे, असे मला वाटत राहील.

पवईकर

या प्रश्नाचे उत्तर मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

गुडविली यांचा सिद्धांत सांगतो की एन-वा थर असा दिसतो: एक स्पेक्ट्रम घ्यायचा, जो क्ष वर अवलंबून नसतो, त्याला क्ष च्या एन प्रतींच्या स्मॅश गुणाकाराने (ठरलेला बिंदू असलेल्या अवकाशांचा गुणाकार) गुणायचे, आणि एन प्रतींची आपसांत अदलाबदल करणाऱ्या गटाच्या क्रियेने होमोटोपी ऑर्बिट घ्यायचे, म्हणजे अदलाबदलीने एकमेकांत जाणारे बिंदू वाटांनी जोडून एक मानायचे. तो स्पेक्ट्रम म्हणजे एन-वा अवकलज, तोच सहगुणक. अदलाबदलीच्या गटात एन फॅक्टोरियल घटक असतात, त्यामुळे भागाकाराच्या जागी ऑर्बिट आले. संख्येला भागले की भागाकाराची खूण उरत नाही. येथे गट आपली स्मृती मागे ठेवून जातो, आणि विषयाची अवघड बाजू त्या स्मृतीतूनच येते.

तीन उदाहरणे देतो, म्हणजे साम्य नावापुरते नाही हे पटेल.

क्ष हा संलग्न अवकाश घ्या, त्याला निलंबित करा आणि लूप घ्या. जेम्स यांच्या मते हा अवकाश म्हणजे क्ष च्या बिंदूंना अक्षरे मानून लिहिलेल्या सर्व शब्दांचा अवकाश, फक्त आधारबिंदू (अवकाशातला एक ठरलेला बिंदू) हे अक्षर पुसून टाकायचे. याला स्थिर केले, म्हणजे त्याचा स्पेक्ट्रम घेतला, की तो शब्दांच्या लांबीप्रमाणे सुटा होतो: एक अक्षरी भाग, दोन अक्षरी भाग, तीन अक्षरी भाग. म्हणजेच क्ष, क्ष-वर्ग, क्ष-घन. भूमिती श्रेढी आठवा: १ भागिले (१ − क्ष). शब्दात अक्षरांचा क्रम ठरलेला असतो, म्हणून येथे फॅक्टोरियल येत नाही.

क्रम पुसला की काय होते? क्यू-क्ष ला स्थिर केले की, स्नेथ यांच्या १९७४ च्या सिद्धांताप्रमाणे, तेही सुटे होते, पण प्रत्येक पद आता क्ष च्या एन-व्या स्मॅश घाताचे अदलाबदलीखालचे ऑर्बिट असते. सगळे सहगुणक एकच, साधा गोल-स्पेक्ट्रम. ही घातांकी फलनाची श्रेढी झाली, फक्त सुरुवातीचा १ वगळून.

तिसरे उदाहरण आयडेंटिटी फंक्टरचे. ब्रेंडा जॉन्सन यांनी १९९५ मध्ये त्याचे अवकलज काढले. एन-वा अवकलज म्हणजे (एन−१) फॅक्टोरियल इतक्या गोलांचा गुच्छ, आणि प्रत्येक गोल (१−एन) मितीचा. ऋण मिती पाहून बिचकू नये, स्पेक्ट्रमांत ती चालते. आता या गुच्छाची ऑयलर संख्या (सम मितीचे गोल वजा विषम मितीचे गोल) काढा: एन विषम असेल तर धन, सम असेल तर ऋण, आणि आकडा (एन−१) फॅक्टोरियल. बाईंनी फळ्यावर लॉग (१+क्ष) चे शून्यापाशी एन-वे अवकलज शेकडो वेळा काढले असेल. ते नेमके हेच आहे.

स्थिर करणे हे घातांकी फलनासारखे वागते आणि आयडेंटिटी फंक्टर त्याच्या उलट, लॉगसारखा. म्हणून त्याची श्रेढी एका पदावर थांबत नाही.

खडू-फळा

लॉगची गोष्ट वाचून मी खरोखर उठून वही आणली आणि चौथ्या पदापर्यंत करून पाहिले: १, −१, २, −६. मन भरून आले, एवढेच लिहिते.

एक विचारायचे आहे. (एन−१) फॅक्टोरियल हा आकडा मला लाय बीजगणितात भेटला होता. एन अक्षरे प्रत्येकी एकदाच वापरून कंस-गुणाकार लिहिले आणि जाकोबी नियम (तीन अक्षरे चक्राकार फिरवून मिळणाऱ्या तीन कंसांची बेरीज शून्य) लावला, तर स्वतंत्र गुणाकार तितकेच उरतात. तीन अक्षरांसाठी अ-ब चा कंस घेऊन त्याचा क शी कंस, आणि अ-क चा कंस घेऊन त्याचा ब शी कंस, असे दोनच. तिसरा या दोघांतून निघतो. हा योगायोग आहे का?

पवईकर

योगायोग नाही. अवकाशाच्या होमोटोपी गटांवर व्हाइटहेड गुणाकार, म्हणजे दोन घटकांपासून तिसरा देणारा कंस, असतो आणि तो जाकोबी नियम पाळतो; आयडेंटिटी फंक्टरचे अवकलज हीच रचना स्पेक्ट्रमांच्या पातळीवर धरून ठेवतात. मायकेल चिंग यांनी २००५ मध्ये दाखवले की हे सगळे अवकलज मिळून एक ऑपेरड, म्हणजे एका क्रियेत दुसरी क्रिया बसवायचे नियम असलेली रचना, बनते, आणि आज त्याला स्पेक्ट्रल लाय ऑपेरड म्हणतात. तुम्ही वहीत लिहिलेले कंस त्याच्या होमॉलॉजीत सापडतात.

कलिना_एमएस्सी

मी विद्यार्थिनी आहे, त्यामुळे चूक असेल तर दुरुस्त करावे. वरचे सगळे वाचून मी एक प्रत्यक्ष गणित करायला घेतले. एस-२ चा तिसरा होमोटोपी गट पूर्णांकांचा गट आहे, हे हॉफ यांच्या १९३१ च्या कामातून येते. त्याचा जनक म्हणजे एस-३ (एक मिती जास्तीचा गोल) वरून एस-२ वर जाणारे हॉफ चित्रण, ज्याला ईटा म्हणतात. टॉवर, म्हणजे पी-० पासून रचलेले सगळे मजले, हे उत्तर कसे देतो, ते पाहायचे होते.

पहिला मजला: तिसऱ्या मितीत क्यू-एस-२ चा गट म्हणजे पहिला स्थिर गट, त्यात दोनच घटक. दुसरा थर: सहगुणक (−१) मितीचा एक गोल, म्हणून एस-२ च्या स्मॅश वर्गाचे ऑर्बिट घेऊन एक मिती खाली उतरायचे. स्मॅश वर्गाची सर्वांत खालची पेशी चौथ्या मितीत, उतरून तिसऱ्या मितीत आली, आणि तिथला गट पूर्णांकांचा निघाला. तिसऱ्या थराची सर्वांत खालची पेशी चौथ्या मितीत असल्याने तो या हिशोबात येत नाही.

म्हणून मी लिहिले की उत्तर म्हणजे दुसऱ्या थरातले पूर्णांक आणि पहिल्या थरातला दोन घटकांचा गट यांची बेरीज. पण ते खरे उत्तर नाही. खरा गट नुसता पूर्णांकांचा आहे. माझे कुठे चुकले?

पवईकर

पेशी आणि गट दोन्ही बरोबर काढले आहेत. चूक "बेरीज" या शब्दात आहे, आणि ती चूक करून तुम्ही धाग्यातला सर्वांत उपयोगी मुद्दा पुढे आणला आहे.

भूमिती श्रेढी आणि घातांकी श्रेढीच्या उदाहरणांत पदे सुटी होतात. आयडेंटिटी फंक्टरची पदे सुटी नाहीत, ती एकमेकांत पीळ घालून बसवलेली आहेत. म्हणूनच गुडविली यांनी बेरीज न लिहिता मजले रचले. तुमच्या गणितात दुसऱ्या थरातले पूर्णांक एस-२ च्या तिसऱ्या गटात जातात ते दुपटीने: तिथला जनक म्हणजे एस-२ च्या मूळ वर्गाचा स्वतःशी व्हाइटहेड गुणाकार, आणि तो चिन्ह सोडल्यास ईटाची दुप्पट असतो. सम पूर्णांक दुसऱ्या थरातून आले, आणि सम-विषम हा भेद पहिल्या थराने दिला. पूर्णांकांच्या गटात दोन घटकांचा उपगट नसतो, त्यामुळे हा पीळ सोडवता येत नाही. दोन ओळींचे गणित आहे, पण मजले बेरजेने का जोडता येत नाहीत याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

भायखळा

भागाकाराचे समाधान झाले. आता अभिसरणाचे सांगा. लॉगची श्रेढी एका मर्यादेपलीकडे निरुपयोगी होते. या टॉवरची मर्यादा काय?

पवईकर

ज्या अवकाशाचे के पर्यंतचे होमोटोपी गट शून्य आहेत आणि के निदान १ आहे, त्यासाठी क्ष आणि पी-एन हे (एन+१) गुणिले के या मितीपर्यंत जुळतात, आणि त्याच्या पुढच्या एका मितीत निदान आच्छादन मिळते. एन वाढवत गेले की ही मिती अनंताकडे जाते, म्हणजे टॉवर क्ष वर अभिसारी होतो. थोडक्यात, मूलभूत गट शून्य असणे ही येथील अभिसरण-त्रिज्या समजावी. या अंदाजाच्या मुळाशी ब्लेकर्स आणि मॅसी यांचा सिद्धांत (पुशआउट चौकोन पुलबॅकच्या किती जवळ असतो हे सांगणारा) आणि त्याची अनेक मितींच्या घनांसाठीची रूपे आहेत. एन बरोबर १ घातले की फ्रॉयडेन्थाल यांचे विधान परत मिळते.

मर्यादा ओलांडली की काय घडते, याचे उदाहरण पॉइन्कारे यांच्या १९०४ च्या गोलातून मिळते. हा तीन मितींचा अवकाश होमॉलॉजीला गोलासारखा दिसतो, पण त्याच्या मूलभूत गटात १२० घटक आहेत. त्यातून एक बिंदू काढा. उरलेल्या अवकाशाची होमॉलॉजी बिंदूसारखी होते, म्हणून तो स्थिर केला की काहीच उरत नाही. टॉवरचा प्रत्येक थर स्थिर माहितीवरच बांधलेला असतो, म्हणून सगळे थर शून्य आणि टॉवर सांगतो, "हा बिंदू आहे." पण १२० घटकांचा गट तिथेच आहे. बाई, तुम्ही तिसऱ्या वर्षाला ई चा घात उणे एक भागिले क्ष-वर्ग हे फलन शिकवत असाल. शून्यापाशी त्याची सगळी अवकलजे शून्य, फलन मात्र शून्य नाही. दोन्हीकडे दुखणे एकच.

एक जोड देतो. विषम मितीच्या गोलावर, एका अविभाज्य संख्येपुरते पाहिले तर, आयडेंटिटी फंक्टरचे थर फक्त त्या अविभाज्याच्या घातांवर उरतात, बाकीचे शून्य होतात, असे अरोन आणि महोवाल्ड यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले. अनंत मजल्यांतले बहुतेक मजले रिकामे निघाले, म्हणून हा टॉवर होमोटोपी गट मोजायलाही कामाचा ठरला. गुडविली मात्र येथून निघाले नव्हते: पहिल्या निबंधाच्या नावातच स्यूडोआयसोटोपी हा मॅनिफोल्डच्या भूमितीतला विषय आहे, आणि त्यांचे लक्ष त्याच्याशी जोडलेल्या, वाल्डहाउझेन यांच्या ए-थिअरीवर होते.

खडू-फळा

काल विद्यार्थ्याला पुन्हा बोलावले. चकत्यांचे चित्र फळ्यावर काढले, वर्तुळ आणि लूप-अवकाश शेजारी शेजारी लिहिले आणि विचारले, "तू आत कोणती बेरीज केलीस, बाहेर कोणती?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग स्वतःच म्हणाला की दोन वेगळ्या आहेत. मग लॉग दाखवला. आम्ही दोघे तासाच्या वेळेपेक्षा बरेच जास्त थांबलो.

कलिना_एमएस्सी

पवईकर, तुमच्या दुरुस्तीनंतर मी एस-२ च्या चौथ्या गटाकडे वळले. उत्तर ठाऊक होते, दोन घटक. थर काय म्हणतात ते पाहायचे होते. पहिला मजला दुसरा स्थिर गट देतो, त्यात दोन घटक. दुसऱ्या थरात चौथ्या मितीत मला चार घटकांचा चक्रीय गट मिळाला. मग ते चार घटक गेले कुठे, म्हणून दोन दिवस अडून होते.

आज सकाळी कुर्ल्याला गाडी थांबलेली असताना सुचले. पाचव्या मितीत पहिला मजला तिसरा स्थिर गट देतो, तो २४ घटकांचा, त्याचा जनक न्यू. सीमा-चित्रण त्या २४ वरून दुसऱ्या थरातल्या ४ वर येते आणि सगळे चार घटक झाकून टाकते. म्हणजे न्यू एस-२ वर राहू शकत नाही, आणि त्याची अडचण दुसऱ्या थरात दिसते. हे जुळते, कारण न्यू पहिल्यांदा भेटतो तो एस-७ वरून एस-४ वर जाणाऱ्या हॉफ चित्रणात. न्यूचा तीनशी संबंधित भागही एस-२ वर येत नाही. त्याला अडवायला दुसऱ्या थरात जागा नाही, म्हणून तो तिसऱ्या थरात अडतो. चार गुणिले तीन म्हणजे बारा, आणि २४ भागिले १२ करून उरले दोन घटक: शून्य आणि बारा वेळा न्यू. बारा वेळा न्यू म्हणजे ईटाचा घन, आणि तो तर एस-२ वर ईटा तीनदा लावून हाताने बनवता येतो.

पवईकर

हिशोब तपासला. पूर्ण बरोबर आहे. एस-२ चा पाचवा गटही दोनच घटकांचा आहे आणि त्याचा जनक तुम्ही लिहिलेली तीनदा लावलेली ईटाच आहे. आता एस-३ घ्या, तिथे दोनशी संबंधित भाग पाहताना तिसरा थर रिकामा मिळेल आणि चौथ्यापासून पुन्हा काम सुरू होईल.

कलिना_एमएस्सी

घेतला आहे. दुसऱ्या थराची तळाची पेशी पाचव्या मितीत आली.